आरएनए वेगळे करण्याचे किट : बुरशीच्या तंतुजालासाठी उत्तम, ओंबीसाठी अपुरे

गव्हाच्या ओंबीवर करपा आणणाऱ्या फ्युजॅरियम ग्रॅमिनिअरम या बुरशीत डीऑक्सिनिव्हॅलेनॉल हे विष बनवणारी जनुके केव्हा कार्यान्वित होतात, याचा आम्ही अभ्यास करतो. त्यासाठी लागणारा आरएनए मी वर्षभर एकाच कॉलम-किटने (आरएनए छोट्या गाळणीनळीवर, म्हणजे कॉलमवर, धरून ठेवणाऱ्या संचाने) वेगळा करत आलो आहे.

प्रयोगशाळेतल्या माध्यमात वाढवलेल्या तंतुजालासाठी हे किट मनापासून आवडले. तंतुजाल द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून बारीक कुटले की पुढचे काम तासाभरात उरकते आणि हाती येणारा आरएनए अखंड असतो. माध्यमात विषनिर्मितीला चालना देणारे अ‍ॅग्मॅटिन हे संयुग घातल्यावर ट्राय-५ या जनुकाचे प्रतिलेखन (त्यापासून आरएनए बनणे) कसे वाढते, हे त्यामुळे स्पष्ट दिसले. विषनिर्मितीची पहिली पायरी पार पाडणारे ट्रायकोडाइन सिंथेज हे विकर (एन्झाइम) याच जनुकापासून तयार होते, आणि त्यावर ट्राय-६ व ट्राय-१० या नियामक जनुकांचा ताबा असतो.

माझा मुख्य आक्षेप डीएनए काढून टाकण्याच्या पायरीवर आहे. माहितीपत्रकात ती ऐच्छिक म्हटली आहे, पण या विषयात ती ऐच्छिक मानणे धोक्याचे आहे. ट्राय-५ मध्ये जेमतेम ६० बेसांचा एकच इंट्रॉन (तयार आरएनएमधून गाळला जाणारा भाग) असल्याने मोजणीच्या पीसीआरमध्ये नमुन्यात राहिलेल्या डीएनएपासूनही जवळजवळ तेवढ्याच लांबीचा तुकडा वाढतो आणि तो वेगळा ओळखणे कठीण जाते. विष न बनवणाऱ्या नमुन्यात या जनुकाचा आरएनए मुळातच नगण्य असतो. तिथे थोडासा डीएनए उरला तरी मूळ पातळी फुगते आणि उद्दीपनामुळे झालेली खरी वाढ कितीतरी कमी भासते. सुरुवातीचे माझे काही नमुने असेच वाया गेले. म्हणून डीएनेज (डीएनए तोडणारे विकर) कॉलमवरच वापरावे आणि प्रत्येक नमुन्याबरोबर रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएपासून डीएनए बनवणारे विकर) न घातलेली नळी लावावी; तिच्यात काही वाढले तर ते उरलेल्या डीएनएमुळेच.

रोगट ओंबीच्या बाबतीत मात्र निराशा झाली. दाण्यातल्या पिष्टामुळे द्रव चिकट होतो, कॉलम तुंबतो आणि जो आरएनए मिळतो त्याची शुद्धता खालावते. ट्राय-५ निकामी केलेली बुरशी गव्हात शिरते, पण एका कणिशकातून (ओंबीतल्या फुलांच्या छोट्या गुच्छातून) दुसऱ्यात पसरू शकत नाही; विषाचे हे महत्त्व झाडातच कळत असल्याने ओंबीचे नमुने टाळता येत नाहीत. विक्रेत्याने ‘सर्व प्रकारच्या ऊतींसाठी’ असे छापताना याचा विचार करायला हवा होता. आम्ही आता ओंबी आधी फिनॉल व ग्वानिडिनच्या द्रावणात विरघळवतो आणि वरचा स्वच्छ थर तेवढाच कॉलमवर घालतो. वेळ दुप्पट लागतो, पण निकाल जुळतात.

केवळ तंतुजालावर काम असेल तर हे किट जरूर घ्यावे. ओंबीसाठी एवढ्यावर विसंबू नये.