गिटहब पेजेसवरचा माझा पोर्टफोलिओ: दिवाळीपासून आतापर्यंतचा अनुभव

बी.एस्सी. आयटीच्या तिसऱ्या वर्षाला असताना दिवाळीच्या सुट्टीत मी स्वतःची पोर्टफोलिओ वेबसाइट, म्हणजे आपलं काम दाखवणारी साइट, गिटहब पेजेसवर चढवली. कोड साठवायच्या गिटहब या साइटची ही वेबसाइट चालवायची सेवा. त्यानंतर प्रॅक्टिकल्स, ब्लॅकबुकचं (शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्ट रिपोर्टचं) सबमिशन, इंटर्नशिपच्या मुलाखती असं सगळं होऊन गेलं. साइट चालू आहे आणि मी ती अजूनही हौसेने बदलत असते. पोर्टफोलिओ बनवायचा कसा याचे व्हिडिओ ढिगाने सापडतात. परीक्षा आणि सबमिशनच्या धबडग्यात तो जिवंत कसा ठेवायचा, यावर मात्र फारसं कोणी बोलत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी पैशांचं. होस्टिंगला, म्हणजे साइट इंटरनेटवर ठेवायला, एक रुपयाही लागत नाही. आपल्या यूजरनेमपुढे ‘गिटहब डॉट आयओ’ लावून त्या नावाची पब्लिक रेपॉझिटरी (सगळ्यांना दिसणारं प्रोजेक्टचं फोल्डर) करायची, त्यात एचटीएमएलच्या, म्हणजे पानांच्या मजकुराच्या, फाइल्स टाकायच्या, की तोच साइटचा पत्ता. साइटचा आकार १ जीबीपर्यंत आणि महिन्याला साधारण १०० जीबी बँडविड्थ (साइट बघणाऱ्यांकडे जाणारा डेटा) अशी मर्यादा आहे. विद्यार्थ्याचा पोर्टफोलिओ तिच्या आसपासही जात नाही. ही सेवा २००८ पासून चालू आहे, आणि माझ्यासाठी हा मुद्दा मोठा होता. हेरोकू या अशाच होस्टिंग सेवेने नोव्हेंबर २०२२ मध्ये मोफत योजना बंद केल्या, तेव्हा तिथले फुकटातले प्रोजेक्ट पैसे भरून ठेवा नाहीतर दुसरीकडे हलवा, एवढेच पर्याय उरले. रेंडर या दुसऱ्या सेवेच्या मोफत सर्व्हरवर १५ मिनिटं कोणी फिरकलं नाही की तो झोपतो, आणि नंतर येणाऱ्याला मिनिटभर कोरं पान बघत बसावं लागू शकतं. मुलाखत घेणारा माणूस तेवढा थांबेल, असं मला वाटत नाही.

मी रिॲक्ट या जावास्क्रिप्टच्या लायब्ररीचं तयार टेम्प्लेट घेतलं नाही. साधं एचटीएमएल, रंगरूपासाठी एक सीएसएस फाइल, आणि लागेल तिथे थोडं जावास्क्रिप्ट. वर्गातल्या बऱ्याच जणांना हे मागासलेलं वाटलं. पण टेम्प्लेटसोबत शेकडो पॅकेजेस (दुसऱ्यांनी लिहिलेले कोडचे संच) येतात, आणि चार महिन्यांनी एक ओळ बदलायला बसलं की आधी व्हर्जन जुळवण्यात संध्याकाळ जाते. माझी फाइल नोटपॅडमध्येही उघडते. सेमिस्टरच्या मधल्या दिवसांत हातात जेमतेम अर्धा तास असतो, आणि तेवढ्यात बदल करून मोकळं होता येतं. माझ्या मते विद्यार्थ्याने निवड करताना सगळ्यात जास्त वजन याच गोष्टीला द्यावं.

साइटवर पाच प्रोजेक्ट होते, आता दोनच ठेवलेत. त्यातला एक आमच्या भागातल्या जुन्या वाचनालयाच्या पुस्तकांची यादी शोधण्याचा. पेजेसवर डेटाबेस चालत नाही, पीएचपीसारखा सर्व्हरवरचा कोड चालत नाही. सगळा मामला स्टॅटिक, म्हणजे ठेवलेल्या फाइल्स तशाच दाखवायच्या. त्यामुळे संपूर्ण यादी एका जेसन फाइलमध्ये (डेटा ठेवायची साधी मजकुराची फाइल) ठेवली आणि शोध ब्राउझरमध्येच लावला. काही हजार नोंदींना हे झकास पुरतं, सर्व्हरची गरजच पडत नाही.

एका दुपारी वाचनालयातल्या काकूंचा फोन आला. “अगं, पुस्तक कपाटात माझ्या समोर आहे, आणि तुझं पान म्हणतंय नाहीच!” त्या पुस्तकाच्या नावात ‘दुसऱ्या’ हा शब्द होता. यादी दोघांनी वेगवेगळ्या कीबोर्डवर टाइप केलेली. ‘ऱ्या’मधला तो अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीत, दोन प्रकारे साठवता येतो: ऱ या स्वतंत्र अक्षराला हलंत जोडून, किंवा साध्या र आणि हलंतापुढे झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह टाकून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, कॉम्प्युटरला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं जुळवणारं जावास्क्रिप्टमधलं नॉर्मलाइझ फंक्शनही या दोन रूपांना एक करत नाही. शेवटी शोधण्याआधी दुसऱ्या प्रकाराचं पहिल्यात रूपांतर करणारी एक ओळ घातली आणि तेव्हापासून वऱ्हाड, किनाऱ्यावर, तऱ्हा सगळं नीट सापडतं. प्रोजेक्टच्या पानावर याबद्दल दोन परिच्छेद आणि आधीचा-नंतरचा कोड ठेवलाय. अंधेरीच्या एका कंपनीत मुलाखतीला गेले तेव्हा समोरच्या मॅडमनी फोनवर साइट उघडली, बाकी काही न पाहता हेच पान वाचलं आणि पुढचा सगळा वेळ याच विषयावर प्रश्न विचारले. इंटर्नशिप मिळाली.

त्यानंतर मी ‘जावा ८० टक्के, पायथन ७० टक्के’ असे रंगीत पट्टे काढून टाकले. ८० टक्के जावा म्हणजे काय, ते कोणालाच सांगता येणार नाही. एक अडचण आणि ती कशी सोडवली, हे लिहिलेलं पान त्या सगळ्या पट्ट्यांपेक्षा जास्त बोलतं.

मराठी मजकूर ठेवणार असाल तर दोन-तीन गोष्टी सुरुवातीलाच करा. इंग्रजी डिझाइनमध्ये शीर्षकांना लेटर-स्पेसिंग दिलेलं असतं. तेच देवनागरीला लागलं की शिरोरेषा तुटते आणि अक्षरं सुटी पडतात. मराठी भागासाठी ते शून्य करा. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांना भिडतात. मजकुराला भाषा मराठी असल्याचा ‘एमआर’ हा कोड द्या, म्हणजे स्क्रीन रीडरलाही (पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) कळतं. फॉन्टमध्ये मी मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांचा ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट वापरते, आणि शीर्षकांना ‘टिरो देवनागरी मराठी’. त्यातले ल आणि श आपल्या पाठ्यपुस्तकातल्यासारखे येतात, ते पाहून अजूनही बरं वाटतं.

फोटोंकडे नीट लक्ष द्या. फोनचा फोटो सहज चार-पाच एमबीचा असतो. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये उभ्याने साइट उघडून बघा, म्हणजे पान किती जड झालंय ते लगेच समजतं. मी सगळे फोटो लहान करून वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये बदलले आणि खालच्या फोटोंना लेझी लोडिंग लावलं, म्हणजे तिथवर स्क्रोल केल्यावरच ते उतरतात. शिवाय फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर फोटोत तो कुठे काढला त्याची नोंद राहते. पेजेस फाइल जशीच्या तशी देतं, त्यामुळे घरी काढलेला फोटो तसाच चढवला तर घराचा ठिकाणाही त्यासोबत जातो. ती माहिती आधी काढून टाका. मोबाइल नंबर आणि पत्ता असलेला रेझ्युमे तर पब्लिक रेपॉझिटरीत ठेवूच नका; नंतर डिलीट केला तरी जुन्या कमिटमध्ये (साठवलेल्या आधीच्या बदलांत) तो सापडतो. माझ्या साइटवर फक्त ईमेल आहे, आणि मुलींना तर मी आवर्जून सांगेन, एवढंच ठेवा.

मर्यादा बऱ्याच आहेत. कॉन्टॅक्ट फॉर्मसाठी बाहेरची सेवा जोडावी लागते. बदल गिटहबवर ढकलल्यावर तो साइटवर दिसायला दहा मिनिटंही लागू शकतात, तेव्हा मुलाखतीच्या दारात उभं राहून काही बदलू नका. फाइलच्या नावात इंग्रजी कॅपिटल-स्मॉल अक्षरं तंतोतंत पाळावी लागतात: विंडोजवर कॅपिटल अक्षरातलं नाव चालून जातं, पण साइटवर तोच फोटो गायब. प्रायव्हेट रेपॉझिटरीतून साइट चालवायला पैशांची योजना लागते. गिटहबच्या विद्यार्थ्यांसाठीच्या स्टुडंट पॅकमध्ये विद्यार्थी असेपर्यंत प्रो ही पैशांची योजना मिळते, पण पदवीनंतर ती नसणार हे धरूनच चाला. आणि ऑनलाइन धंद्यासाठी पेजेस वापरायला नियमांनुसार परवानगी नाही. माझ्या मैत्रिणीला केकच्या ऑर्डर घ्यायच्या होत्या, तिला मी दुसरीकडे जायला सांगितलं.

स्वतःचं डोमेन, म्हणजे साइटला आपल्या नावाचा पत्ता, घ्यायचं की नाही? पहिल्या वर्षी ‘गिटहब डॉट आयओ’वर भागतं, रेझ्युमेवर ते अजिबात वाईट दिसत नाही. मी इंटर्नशिपच्या पैशांतून नंतर घेतलं. घेताना नूतनीकरणाची किंमत बघा, पहिल्या वर्षाच्या सवलतीवर जाऊ नका. डीएनएस (डोमेन कुठल्या सर्व्हरकडे जातं त्याची नोंद) जोडल्यावर एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणी, सुरू व्हायला एक दिवसापर्यंत वेळ जाऊ शकतो. गिटहबच्या सेटिंगमध्ये डोमेन व्हेरिफाय करायचं, म्हणजे ते आपलंच आहे हे सिद्ध करायचं, बरेच जण टाळतात, ते करून टाका. आणि पुढेमागे साइट बंद केली तर डीएनएसमधल्या नोंदीही त्याच दिवशी काढा. त्या तशाच राहिल्या तर तुमच्या नावाच्या पत्त्यावर दुसरा कोणीतरी आपलं पान लावू शकतो.