पितृपक्षातली जिम्नी: किमतीची घासाघीस आणि एका शोरूमचा अनुभव

मारुती सुझुकीची जिम्नी चालवायला कशी आहे यावर बरेच लिहून झाले आहे. ती विकत घेताना किंमत कशी ठरते, यावर मात्र फारसे कोणी लिहीत नाही. हे परीक्षण त्या खरेदीचे आहे. पाटण खोऱ्यातील आमच्या शेताकडे जाणारा शेवटचा टप्पा पावसाळ्यात निव्वळ चिखलाचा असतो, त्यामुळे नुसती उंच दिसणारी नव्हे, तर लो-रेंज गिअर (चिखल-चढात कमी वेगात जास्त जोर देणारा) असलेली खरीखुरी फोर बाय फोर गाडी हवी होती. ती मी सप्टेंबर २०२५ मध्ये, जीएसटीचे दर बदलण्याच्या अगदी तोंडावर ठरवली. त्यासाठी सातारा, कराड, कोल्हापूर आणि पुणे येथील निरनिराळ्या कंपन्यांच्या शोरूममधून लेखी कोटेशन घेतली होती. कोणते कोटेशन कोणाचे, हे मुद्दाम लिहीत नाही. पुढे ज्या सवयींचा उल्लेख येईल त्या कमीअधिक प्रमाणात सगळीकडेच आढळल्या.

घासाघीस म्हणजे बोलण्यातले कसब, असा आपल्याकडे समज आहे. गाडीच्या बाबतीत मला तो पटत नाही. किंमत किती खाली येणार हे शोरूमच्या मागच्या यार्डात किती गाड्या उभ्या आहेत आणि त्या किती महिन्यांपासून उभ्या आहेत, यावर बहुतांशी आधीच ठरलेले असते. ग्राहकाचे काम ते ओळखण्याचे. महिंद्राची थार रॉक्स ऑगस्ट २०२४ मध्ये आली तेव्हा लोक प्रतीक्षायादीत नाव लावण्यासाठी धडपडत होते. अशा गाडीवर कोणी कितीही गोड बोलला तरी चहापलीकडे काही मिळत नाही. फोर्सच्या गुरखाची गोष्ट निराळी. पुढच्या-मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलना डिफरन्शियल लॉक (एक चाक नुसतेच फिरत राहिले तरी दुसऱ्याला ताकद देणारी सोय) देणारी ही गाडी आकुर्डीच्या कंपनीची, म्हणजे जवळपास घरचीच. पण विक्रेते मोजके असल्याने एकाचे कोटेशन दुसऱ्यापुढे ठेवण्याची सोयच उरत नाही, आणि स्पर्धक कोटेशन हातात नसेल तर घासाघीस ही विनंती होऊन बसते.

जिम्नी या दोन्हींच्या उलट टोकाला आहे. जून २०२३ मध्ये ती १२.७४ लाखांपासून बाजारात आली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिची थंडर आवृत्ती १०.७४ लाखांपासून विकली जात होती. याउलट गुरुग्रामच्या कारखान्यात तयार झालेली हीच पाच दारांची गाडी जानेवारी २०२५ मध्ये नोमेड या नावाने जपानला गेली, तेव्हा चार दिवसांत सुमारे ५० हजार मागण्या नोंदवल्या जाऊन तिथली नोंदणी थांबवावी लागली होती. तेव्हा गाडीत खोट आहे म्हणून ती आपल्याकडे स्वस्त मिळते, असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. कुटुंबासाठी ‘एकच गाडी’ घेणाऱ्याला २०८ लिटरची डिकी आणि चार गिअरचा ऑटोमॅटिक खटकतो, एवढाच त्याचा अर्थ. ज्याला लॅडर फ्रेम (ट्रकसारखा पोलादी सांगाडा), दोन्हीकडे अखंड म्हणजे सॉलिड अ‍ॅक्सल आणि लो-रेंज हवा आहे, त्याच्यासाठी इतरांची ही नापसंती म्हणजे आयती सवलत होय.

आता वेळेविषयी. जीएसटी परिषदेचा निर्णय ३ सप्टेंबरला झाला आणि नवे दर २२ तारखेपासून लागू होणार होते. २२ तारखेला घटस्थापना होती आणि त्याआधीचा पंधरवडा पितृपक्षाचा. एरवीही या पंधरवड्यात आपल्याकडे गाडी घरी आणत नाहीत. त्यात कर उतरणार हे कळल्यावर तर शोरूममध्ये शुकशुकाट होता. विक्री प्रतिनिधी अक्षरशः मोकळे बसलेले, महिन्याचे आणि तिमाहीचे उद्दिष्ट डोक्यावर, आणि जुन्या साठ्यावर आधीच भरलेल्या सेसचे (जीएसटीखेरीजच्या उपकराचे) काय होणार ही मालकांना लागलेली चिंता. बोलणी करायला यापेक्षा चांगला काळ नाही, कारण समोरच्याला तुमच्यासाठी वेळ असतो आणि आकडा पक्का करण्याची निकडही असते. मी बोलणी पितृपक्षात केली, बुकिंगची रक्कम तेव्हाच भरली आणि बिल २२ तारखेनंतरचे घेतले. पितृपक्षात नुसते ठरवायला शास्त्राचीही आडकाठी नसावी, असे घरच्या ज्येष्ठांना पटवावे लागले, ही बोलणी शोरूममधल्या बोलण्यांपेक्षा अवघड होती.

याच काळात एक चलाखी पाहायला मिळाली. जिम्नीचे इंजिन १,४६२ सीसीचे पेट्रोल, लांबी चार मीटरच्या आत. त्यानुसार तिच्यावर जीएसटी आणि सेस मिळून ४५ टक्के कर होता, तो ४० टक्क्यांवर आला. त्यामुळे कंपनीने निरनिराळ्या प्रकारांची किंमत जास्तीत जास्त ५१,९०० रुपयांनी उतरवली आणि सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत १२.३१ लाखांच्या आसपास आली. ही कपात सरकारची आणि कंपनीची. तिच्यात विक्रेत्याच्या खिशातला एक रुपयाही नाही. तरीही एका कोटेशनमध्ये जुनी किंमत लिहून, त्याखाली ‘विशेष सवलत’ म्हणून करकपातीचाच आकडा मांडला होता, आणि वर ‘सर, एवढा डिस्काउंट तुम्हाला कुठेच मिळणार नाही’ असे आश्वासनही होते. सवलत नेहमी त्या दिवशीच्या जाहीर किमतीपासून मोजावी, आणि कंपनीची योजना किती व शोरूमची स्वतःची किती हे वेगळे लिहून मागावे. हा प्रश्न विचारताच बहुतेक ठिकाणी प्रतिनिधी उठून मॅनेजरकडे जातो. खरी बोलणी तिथून सुरू होतात.

तीन दारांच्या थारचा (रॉक्सचा नव्हे) विचार करणाऱ्यांनी करातील फरक अधिक बारकाईने पाहावा. १.५ लिटर डिझेलची मागच्या चाकांवर चालणारी थार ३१ टक्क्यांवरून थेट १८ टक्क्यांवर आली, तर फोर बाय फोर थार ४८ वरून ४० वर. दिसायला दोन्ही सारख्याच असल्याने ‘तीच गाडी पुष्कळ स्वस्तात’ अशी भुरळ पडते. पहिल्या प्रकारात पुढच्या चाकांना ताकद जात नाही, आणि आमच्यासारख्या वाटेवर तिला ट्रॅक्टर बोलवावा लागेल.

ऑन-रोड, म्हणजे कर आणि विमा धरून होणाऱ्या किमतीच्या कोटेशनकडे आता वळतो, कारण माझ्या मते निम्मी बचत एक्स-शोरूमच्या खालच्या ओळींत आहे. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीवर १२ टक्के आणि डिझेल गाडीवर १४ टक्के वाहन कर (रोड टॅक्स) आहे. १२.३१ लाखांच्या जिम्नीवर तो १ लाख ४८ हजारांच्या घरात जातो. तो कंपनीच्या जाहीर किमतीवर धरला जातो. म्हणून कंपनीने किंमत ५० हजारांनी उतरवली तर वाहन करातही सहा हजार वाचतात, शोरूमने तेवढीच सवलत दिली तर ते वाचत नाहीत. दहा लाखांवरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने आपल्याकडून घेऊन सरकारकडे भरायचा प्राप्तिकर) घेतात. तो खर्च नव्हे. प्राप्तिकर विवरणपत्र भरताना तो आपल्या करातून वळता होतो. तेव्हा तो घेतल्याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही, परंतु पॅन क्रमांक अचूक नोंदला गेला आहे ना, हे पाहावे. नंबर प्लेटचे वेगळे पैसे लावले असतील तर ती ओळ कापायला सांगावी, कारण एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीची उच्च सुरक्षा पाटी गाडीच्या किमतीतच धरलेली असते. ‘हँडलिंग’, ‘लॉजिस्टिक्स’ किंवा ‘डेपो चार्जेस’ या नावाखाली येणाऱ्या रकमेला कोणत्याही सरकारी पावतीचा आधार नसतो. मी त्या रकमेची पावती कोणाच्या नावे मिळेल एवढेच विचारत असे. एका ठिकाणी यावर नाराजी झाली. दुसऱ्या ठिकाणी ओळच नाहीशी झाली.

सर्वांत मोठा फरक विम्यात पडतो. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि त्याचा मूळ हप्ता ठरलेला आहे: १,००० ते १,५०० सीसीपर्यंत १०,६४० रुपये, त्यावरील इंजिनासाठी २४,५९६ रुपये, शिवाय त्यावर कर. जिम्नी पहिल्या गटात, मोठ्या इंजिनाची थार आणि गुरखा दुसऱ्या गटात. यात कोणीच सूट देऊ शकत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग आहे, त्यात मात्र विक्रेत्याचा हात बराच सैल असतो. मी त्याच घोषित मूल्याचे (विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीचे) आणि त्याच जोड-संरक्षणांचे (अ‍ॅड-ऑनचे) कोटेशन बाहेरून आणले तेव्हा शोरूमच्या आकड्याशी त्याची तफावत वीस हजारांच्या जवळपास निघाली. ‘बाहेरचा विमा घेतला तर आमच्याकडे कॅशलेस मिळणार नाही’ हे वाक्य यावेळी हमखास ऐकायला मिळते. कॅशलेस सुविधा विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातील करारावर अवलंबून असते, पॉलिसी कोणत्या टेबलावर फाडली यावर नव्हे. शिवाय जुन्या गाडीवरचा नो क्लेम बोनस (विमा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) नव्या गाडीला लावता येतो आणि तो ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून त्याचे पत्र घेऊन ठेवावे. शोरूमने शेवटी बाहेरच्या आकड्याशी बरोबरी केली, म्हणून विमा तिथेच घेतला.

एक्स्चेंज बोनसचा मोह मी टाळला. बोनस मिळतो, पण जुन्या गाडीचे मूल्यांकन तेवढ्यानेच खाली धरले जाते, असा माझा अनुभव झाला; जुनी गाडी कराडमध्येच बाहेर विकली आणि बोनस सोडूनही चार पैसे जास्त मिळाले. अ‍ॅक्सेसरीजच्या पॅकेजबाबतही तेच. ‘तीस हजारांच्या अ‍ॅक्सेसरीज मोफत’ याचा अर्थ छापील किमतीचे तीस हजार. त्यात खिडक्यांचे व्हायजर, क्रोमच्या पट्ट्या, आसनांची कव्हरे असा माल असतो, ज्याचा चिखलात काडीचाही उपयोग नाही. मी त्याऐवजी रोख सवलत मागितली. पूर्ण रक्कम मिळाली नाही, पण रबरी मॅट, मडफ्लॅप आणि जवळपास निम्मी रक्कम यावर तडजोड झाली. ओढण्याचा पट्टा, शॅकल आणि हवा भरण्याचा पंप बाहेर चांगल्या दर्जाचे आणि स्वस्त मिळतात. गाडी उचलणारे लिफ्ट किट आणि भलेमोठे टायर यांच्या जाहिराती शोरूमच्या आसपासच दिसतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे असे फेरफार अडचणीत आणतात, विमा दाव्याच्या वेळी तर नक्कीच.

ज्या शोरूममधून गाडी घेतली, त्याविषयी बोलायचे तर सेवा चांगली, पण सरसकट नाही. विक्री प्रतिनिधी मुलगी शांत होती, लो-रेंज कसा लावतात हे तिला स्वतःला येत होते (हे दुर्मीळ आहे), आणि ठरलेले सगळे तिने बुकिंगच्या पावतीवर लिहून दिले. बिलाच्या दिवशी जी किंमत असेल ती लागू होईल, हेही त्यातच आले. मॅनेजरने एकदाच, आणि सभ्यपणे, ‘आजच पूर्ण रक्कम भरली तर’ ही अट पुढे केली. नकार दिल्यावर पुन्हा विषय काढला नाही. गाडी यार्डात जाऊन पाहू देण्यास मात्र आढेवेढे घेतले. मी त्यावर अडून राहिलो, कारण सवलतीची गाडी म्हणजे उभी राहिलेली गाडी. चेसिस क्रमांकावरून उत्पादनाचे वर्ष, टायरच्या कडेवरील चार अंकांवरून आठवडा आणि वर्ष, बॅटरीची तारीख, खालच्या बाजूचा गंज आणि बॉनेटखाली उंदरांच्या खुणा, एवढे तरी नोंदणीआधी पाहायलाच हवे. पहिली दाखवलेली गाडी बरेच महिने उभी होती. तीच घ्यायची असेल तर आणखी पंधरा हजार कमी करा, असे म्हटल्यावर त्यांनी अलीकडची दुसरी गाडी काढली, जुन्याच दरात.

झीटा मॅन्युअल हा खालचा प्रकार घेतला. लो-रेंज दोन्ही प्रकारांत आहे, एअरबॅगही सहाच. अल्फा या वरच्या प्रकाराची अलॉय चाके आणि मोठा स्क्रीन शेताच्या वाटेवर लागत नाहीत, आणि पोलादी चाक वाकले तर गावातही ठोकून सरळ होते. पहिल्या कोटेशनमधील ऑन-रोड रक्कम आणि मी प्रत्यक्ष भरलेली रक्कम यांत करकपात वगळूनही लाखाच्या आसपास फरक पडला. त्यातला मोठा वाटा विमा, पॅकेज आणि निराधार शुल्के यांचा होता. रोख सवलत त्याच्या निम्म्याहून कमी.

जे मिळाले नाही तेही नोंदवतो. विस्तारित वॉरंटीवर एक रुपयाही कमी झाला नाही, म्हणून ती आता घेतली नाही. मूळ वॉरंटी संपण्याआधी ती नंतरही घेता येते. कर्ज शोरूममार्फत घेतल्यास देऊ केलेली सवलत आमच्या बँकेच्या व्याजदरापुढे टिकली नाही. आणि घटस्थापनेनंतर त्याच शोरूममध्ये एका परिचितासाठी चौकशी केली, तेव्हा गर्दी एवढी होती की माझ्या कोटेशनची प्रत दाखवूनही तो दर मिळाला नाही; दसरा होऊन जाऊ द्या, दिवाळीनंतर बघू, असे त्यांनीच सांगितले.