राजारामपुरीतला गणिताचा क्लास: शिकवणं भारी, बाकी बघा तुम्ही

पोरगी अकरावी सायन्सला, म्हणून या क्लासला घातली आणि शिकवणं खरंच नाद खुळा आहे. वर्तुळाचा चॅप्टर चालू होता, बिंदू वर्तुळावर आहे का हे बघायला सर आकृतीवर भरवसा ठेवूच देत नाहीत, पेन्सिलीच्या जाडीत (५, १) काय आणि (५, १.१) काय सारखंच दिसतंय की! केंद्र (२, −३), त्रिज्या ५ असेल तर (५, १) साठी फरक ३ आणि ४, वर्ग करून बेरीज २५, त्रिज्येचा वर्ग पण २५, म्हणजे बिंदू वर्तुळावर, विषय संपला. वर्गमूळ काढत बसायचंच नाही. (५, २) घेतला की ३४ येतात, मग तो बाहेर, आणि (४, ०) ला १३ च, म्हणजे आत.

केंद्र दिलंच नसेल तर वर्तुळाच्या समीकरणात सगळी पदं एका बाजूला घेऊन थेट बिंदूच्या x, y च्या किमती टाकायच्या, उत्तर शून्य आलं की बिंदू वर्तुळावर, झालं, फक्त उत्तराच्या धन-ऋणावरून आतबाहेर ठरवताना वर्गांचे सहगुणक (x², y² च्या पुढचे आकडे) धन आहेत का ते आधी बघा, हे बऱ्याच ठिकाणी सांगतच नाहीत राव.

बॅच मात्र फार मोठी, मागच्या बाकावरून फळा दिसत नाही, आणि संध्याकाळी गाडी लावायला जागा शोधून दाखवाच. पाचपैकी चार.