थायरॉइडच्या कॅन्सरवर ‘समुद्री’ कॅप्सूल: ७३,८०० रुपये गेले आणि आयोडीनचा डोसही हुकला

७३,८०० रुपये. केसपेपरचे ५००, पहिल्या कोर्सचे ११,८००, ‘फुफ्फुसाच्या खास कोर्स’चे १९,५०० आणि तीन महिन्यांच्या आगाऊ कोर्सचे ४२,०००. हे शेवटचे ४२,००० म्हणजे आमच्या कलमांचा मोहोर बघून वाशीच्या दलालाने दिलेली उचल. फळ कणीएवढंही धरलं नव्हतं आणि पैसे कॅन्सर बरा करतो म्हणून कॅप्सूल विकणाऱ्या एका माणसाकडे गेले होते. पैशांपेक्षा मोठं नुकसान वेगळंच झालं, ते पुढे सांगते. तो माणूस आता नाव बदलून सावंतवाडीकडे कॅम्प घेतोय असं कळलं, म्हणून हे लिहायला बसले.

आधी आजाराचं सांगायला हवं, नाहीतर त्याने नेमकं कुठे बोट ठेवलं ते कळणार नाही. मला पॅपिलरी थायरॉइड कॅन्सर आहे. २०१९ मध्ये गळ्यातली ग्रंथी पूर्ण काढली, मानेतल्या गाठीही काढल्या. नंतरच्या आयोडीन स्कॅनमध्ये दोन्ही फुफ्फुसांत बारीक ठिपके दिसले. साध्या एक्स-रेत ते दिसलेही नव्हते. ‘फुफ्फुसात पसरलाय’ म्हटलं की लोक लगेच हळू आवाजात बोलायला लागतात. पण थायरॉइडचा हा प्रकार वेगळा आहे. ह्या पेशी आयोडीन ओढून घेत असतील, तर किरणोत्सारी आयोडीन पाजून त्यांना आतून मारता येतं आणि माणूस वर्षानुवर्षं जगतो. मी स्वयंपाक करते, बागेत जाते, चढ चढताना धाप लागते तेव्हा थांबते. माझे उपचार परळला टाटात चालू आहेत. डोस घ्यायचा तर काढलेल्या ग्रंथीचं काम करणारी थायरॉक्सिनची गोळी आधी तीन-चार आठवडे बंद, दोन आठवडे आयोडीन नसलेलं जेवण, मग डोस आणि वेगळ्या खोलीत एकटीने राहणं. मग पुन्हा गोळी सुरू, आणि सहा महिने, वर्षभर वाट बघायची.

ही वाट बघणंच कठीण असतं. रोज उपाशीपोटी एक गोळी घ्यायची, बाकी करण्यासारखं काहीच नाही. घरातला प्रत्येक जण विचारतो, ‘आता पुढे काय?’ आणि उत्तर एकच, ‘थांबायचं.’ असल्या माणसांना आपण ह्याच काळात सापडतो.

ओळख झाली वाडीतल्याच एका बाईंमुळे. त्यांना साधा थायरॉइड आहे, कॅन्सर नाही. त्यांना म्हणे फरक पडला. ‘गो, एकदा जावन तर बघ. बघूक काय पैशे पडतत?’ ह्या बाईंना प्रत्येक पेशंटमागे कमिशन होतं, हे मला फार उशिरा कळलं. कणकवलीला एका लॉजवर कॅम्प होता. पुढचं तुम्हाला माहीत आहे: भिंतीवर फोटो, बाहेर रांग, रांगेत बरं झाल्याचं सांगणारी माणसं, आत पांढरा कोट. पत्रकावर ‘थायरॉइड, गलगंड, कॅन्सर मुळापासून’ असं छापलेलं.

मी भोळेपणाने गेले नव्हते. पूर्ण फाईल घेऊन गेले होते. त्या माणसाने ती शांतपणे चाळली, ‘ताई, तुमची गोळी चालू ठेवा, आमचं औषध बरोबर घ्या’ असं म्हणाला. ह्याच वाक्याने माझा विश्वास बसला. गोळी बंद करा म्हणाला असता तर मी त्याच पावली उठले असते. त्यालाही ते माहीत असणार.

औषध म्हणजे कॅप्सूल. फोडून आतली पावडर कोमट पाण्यात घ्यायची. पहिल्याच सकाळी कप तोंडाशी नेला आणि वास ओळखीचा आला. मी आचऱ्याकडची. लहानपणापासून ओहोटीला खडपांवर कालवं काढायला गेलेली. तिथे उन्हात सुकणाऱ्या शेवाळाचा जो वास असतो, तोच, अगदी तोच वास होता. त्या वेळी मी चुलीपाशी उभी होते आणि समोरच्या भिंतीवर हॉस्पिटलने दिलेला कागद चिकटवलेला होता: डोसआधी आयोडीनचं मीठ बंद, सुरमई-बांगडा-कोलंबी बंद, सुकी मासळी बंद, समुद्री शेवाळ बंद. वास नाकात, कागद डोळ्यांसमोर. तरी मी पाणी प्यायले.

मी ते का प्यायले, हेही ऐका. तो कागद डोसआधीच्या दोन आठवड्यांचा. एरवी मला मासे चालतात, डॉक्टरांनीच सांगितलंय. माझा डोस तेव्हा काही महिने लांब होता. मग समुद्रातली वनस्पती आत्ता घेतली तर काय बिघडलं, असं कुणालाही वाटेल. बांगड्यातलं आयोडीन आणि सुकवलेल्या केल्प शेवाळातलं आयोडीन ह्यांत किती फरक असतो, हे मला कुणी कधी सांगितलं होतं? मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. ह्या शेवाळाच्या एका ग्रॅममध्येही त्याच्या कितीतरी पट असू शकतं, आणि ते शरीरातून उतरायला आठवडे, कधी महिने जातात. कुणी तुम्हाला काहीही पावडर, काढा, कॅप्सूल दिली तर पहिला प्रश्न एकच विचारा: ह्यात समुद्रातलं काय आहे? उत्तर गोल गोल आलं तर तिथून निघा.

आता त्याची खरी हातचलाखी सांगते. थायरॉइडच्या कॅन्सरचे सगळे पेशंट एका आकड्यावर जगतात, थायरोग्लोब्युलिन, म्हणजे थायरॉइडच्या पेशी रक्तात सोडतात ते प्रथिन. ग्रंथी काढलेली असताना हा आकडा वर असेल, तर तो राहिलेल्या पेशींचा. मागच्या डोसआधी माझा आकडा ३८६ होता. त्याने डिसेंबरमध्ये रक्त तपासायला लावलं. आकडा आला ७४. त्याने दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले, लाल पेनाने दोन्ही आकड्यांभोवती गोल काढले आणि म्हणाला, ‘ताई, ऐंशी टक्के आजार गेला.’ मी रडले. माझे यजमान कधी कुणापुढे हात जोडत नाहीत, त्यांनी त्या माणसापुढे जोडले.

३८६ हा आकडा गोळी बंद असतानाचा होता. तेव्हा टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या पेशींना कामाला लावणारं मेंदूकडचं संप्रेरक, ९१ होता, आणि टीएसएच चढला की ह्या पेशी थायरोग्लोब्युलिन जास्त सोडतात. ७४ हा गोळी चालू असतानाचा, टीएसएच ०.०६ असतानाचा. म्हणजे ती तुलनाच खोटी होती. त्याहून संताप येतो तो ह्याचा, की त्याच फाईलमध्ये आधीचा, गोळी चालू असतानाचा एक रिपोर्ट होता. त्यात आकडा ७१. काहीच उतरलेलं नव्हतं. तो कागद त्याने फाईलमधून बाहेर काढलाच नाही. ज्याला काही कळत नाही तो असा नेमका कागद मागे ठेवू शकत नाही. टीएसएचचा आकडा त्याच पानावर, एका ओळीवर छापलेला होता. पण लाल गोल दाखवणाऱ्या माणसासमोर बसल्यावर वरची ओळ कोण वाचतं? दोन रिपोर्ट ताडून बघायचे असतील तर दोन्ही वेळचा टीएसएच आधी बघा, आणि दोन्ही वेळा लॅब एकच होती का तेही बघा.

त्या रिपोर्टच्या जोरावर त्याने ४२,००० घेतले. मूळ भाव म्हणे ५४,०००, ‘तुमच्यासाठी सवलत’. पैसे यूपीआयने, खातं भलत्याच बाईच्या नावावर. विचारलं तर ‘अकाउंटंट आहे’. बिल नाही, नुसती चिठ्ठी. आणि आता पाया पक्का झाल्यावर तो म्हणाला, थायरॉक्सिन बंद करा, ते ‘केमिकल’ आतल्या औषधाला काम करू देत नाही.

मी बंद केली. ग्रंथीच नसलेल्या माणसाला ही गोळी म्हणजे जेवण आहे. शिवाय आमच्या आजारात ती मुद्दाम चढ्या मात्रेत देतात, टीएसएच दाबून ठेवायला, म्हणजे उरलेल्या पेशींना वाढायला जोर मिळू नये. आठवड्या-आठवड्याने चेहरा सुजत गेला, आवाज घोगरा झाला, पोटऱ्यांत गोळे यायला लागले, उन्हातही थंडी वाजायची. फोन केला की उत्तर ठरलेलं: ‘विष बाहेर पडतंय, घाबरू नका.’

फेब्रुवारीत डोसची तारीख होती. त्याने जाऊ नका म्हणून सांगितलं होतं. परळला राहणारे माझे दीर गावी आले, मला बघितलं आणि कुणाचं न ऐकता मला तुतारी एक्स्प्रेसमध्ये बसवून दादरला घेऊन गेले. त्यांच्यामुळे आज मी हे लिहू शकतेय. तिथे डॉक्टरांनी विचारलं, बाहेरचं काही घेता का? मी पिशवीतला डबा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी मागचं बारीक इंग्रजी वाचलं आणि लघवीतलं आयोडीन तपासायला पाठवलं. ते इतकं चढलेलं होतं की डोस रद्द करावा लागला. पेशी साध्या आयोडीनने आधीच भरलेल्या असताना किरणोत्सारी आयोडीनला आत जागाच उरत नाही. थायरोग्लोब्युलिन आलं ६१०. हा गोळी बंद असतानाचा आकडा, म्हणजे ३८६ शी खरी तुलना ह्याची. पुन्हा गोळी सुरू, पुन्हा महिनोन् महिने थांबणं, पुन्हा नव्याने नंबर. डॉक्टर मला एक शब्द रागावले नाहीत. तुम्हीही काही घेत असाल तर लपवू नका, डबाच घेऊन जा.

आता तक्रारीचं. डब्यामागे इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं आहे की हे औषधी वापरासाठी नाही. खाद्यपदार्थाचा परवाना आहे, औषधाचा नाही. म्हणून अन्न व औषध प्रशासनातल्या औषधवाल्या साहेबांनी सांगितलं, हे अन्न आहे, आमच्याकडे येत नाही. अन्नवाले म्हणाले, डब्यावर लिहिलंय तेच आत असेल तर गुन्हा कसला? तोंडी काय सांगितलं त्याचा पुरावा आणा, आणि नमुना सीलबंद हवा, तुमचा डबा फोडलेला आहे. रोज घ्यायचं औषध सीलबंद कुणाच्या घरी असतं? पोलीस ठाण्यात आधी हद्दीवरून घोळ: कॅम्प एकीकडे, मी राहते दुसरीकडे, खातं तिसऱ्या जिल्ह्यातलं. मग ‘पैसे तुम्ही राजीखुशीने दिलेत, हे दिवाणी प्रकरण आहे’. मी पत्रक पुढे ठेवलं. कॅन्सर आणि गलगंड बरा करतो अशी जाहिरात करणं हाच गुन्हा आहे, जादूई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा कायदा आहे, दोन्ही आजार त्याच्या यादीत आहेत. ठाण्यातल्या साहेबांनी तो कायदा ऐकलेलाच नव्हता. मी छापून नेला. त्यांनी कागद ठेवून घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर म्हणाले, ‘बाई, तुम्ही आजारी आहात, घरी आराम करा.’ आजारी आहे म्हणून तर आले होते! ७३,८०० रुपये बुडाले आणि अंगातल्या गाठी वाढल्या, ह्याला ‘दिवाणी प्रकरण’ म्हणणाऱ्या माणसाने एकदा तरी माझा स्कॅन बघायला हवा होता. सायबर फसवणुकीच्या १९३० ह्या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा पैसे त्या खात्यातून केव्हाच निघून गेलेले होते. त्या नंबरचा उपयोग पैसे गेल्या-गेल्या फोन केला तरच, हे लक्षात ठेवा.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तिथे दाखल करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. हे कुणाही सरकारी माणसाने सांगितलं नाही, चिपळूणच्या एका ओळखीच्या वकीलबाईंनी सांगितलं.

डोस पुढे मिळाला. फुफ्फुसांतले ठिपके आधीपेक्षा थोडे मोठे आहेत, आयोडीन अजून घेतायत. घेईनासे झाले तर कॅन्सरची वाढ रोखणाऱ्या लेनव्हॅटिनिबसारख्या गोळ्यांचा विचार करू, असं डॉक्टर म्हणालेत. ती वेळ लांबावी म्हणून मी थायरॉक्सिनची गोळी एक दिवस चुकवत नाही. कॅल्शियमची गोळी चार तासांनी घेते, कारण एकत्र घेतली तर थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही.

कणकवली, कुडाळ, सावंतवाडी भागात कुणी ह्या माणसाकडून हिरव्या झाकणाचा, ‘समुद्री’ म्हणून दिलेला डबा घेतला असेल तर तो फेकू नका. न फोडलेला असेल तर तसाच ठेवा, चिठ्ठी, पत्रक आणि यूपीआयच्या नोंदी जपून ठेवा आणि मला निरोप पाठवा. सीलबंद नमुना माझ्याकडे नाही आणि आयोगापुढे दुसरा तक्रारदार उभा राहिला तर माझ्या एकटीपेक्षा ते जास्त ऐकतील. जे अजून कॅप्सूल घेतायत आणि ज्यांच्या डोसची तारीख जवळ आली आहे, त्यांनी आजच हॉस्पिटलला फोन करून सांगावं.