आईच्या खोलीकडची भिंत : नऊ महिन्यांनंतर

मुलाच्या खोलीत बेस गिटार आणि मधली भिंत ओलांडली की लगेच आईचा पलंग. शस्त्रक्रियेनंतर आईची झोप फार सावध झाली आहे, दुपारी जेमतेम डोळा लागतो तोच पलीकडे सराव सुरू व्हायचा. मुलाचा सराव थांबवणं मला पटत नव्हतं आणि आईची झोप मोडलेली बघवत नव्हती. शेवटी भिंतीचं काम काढलं. ते पूर्ण होऊन आता नऊ महिने झाले. पण त्याआधीचे दोन महिने चुकीच्या सामानात गेले. ते आधी सांगते, कारण बहुतेक लोक तिथूनच सुरुवात करतात.

ते सामान म्हणजे फोम. पिरॅमिडच्या टोकांसारख्या उंचवट्यांचे, ५ सेंटीमीटर जाडीचे चौकोनी तुकडे. 'साउंडप्रूफ' म्हणून विकले जातात, चिकटवायला सोपे, दिसायलाही स्टुडिओसारखे. अख्खी भिंत भरून लावले. मुलाच्या खोलीत गेलं की फरक पहिल्या क्षणी कळायचा. आवाज घुमणं थांबलं, बोलणं एकदम जवळचं वाटायला लागलं. त्यावरून काम झालं असं आम्ही धरून चाललो. आई दोन दिवसांनी म्हणाली, "अगं, मला तर तेवढंच ऐकू येतंय."

आईचं बरोबर होतं. फोम आवाज शोषतो, अडवत नाही. शोषणं म्हणजे खोलीतल्या खोलीत भिंतींवर आपटून फिरणारा आवाज लवकर विरणं. १८९५ मध्ये वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाला हार्वर्डमधल्या एका व्याख्यानगृहाचं काम दिलं गेलं. तिथे बोललेला शब्द काही सेकंद घुमत राहायचा. त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून, एकेक वाढवत, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं. फोमचा वंश त्या गाद्यांचा आहे. त्या गाद्यांनी व्याख्यानगृहातले शब्द स्पष्ट होतात, शेजारच्या खोलीतल्या माणसाला त्यांचा उपयोग नाही. हवा आरपार जाऊ देणारी, हातात धरली तर वजनच न जाणवणारी वस्तू आवाज कसा अडवणार?

त्यातून बेस गिटार, म्हणजे खालचे, जाड स्वर. १००० हर्ट्झच्या (सेकंदाला १००० कंपनांच्या) स्वराची तरंगलांबी साधारण ३४ सेंटीमीटर असते, ५५ हर्ट्झच्या स्वराची सहा मीटरहून जास्त. त्या लाटेपुढे ५ सेंटीमीटर फोम असून नसून सारखाच.

फोमबद्दल आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. साधा पॉलियुरेथेन फोम भराभर पेटतो आणि त्याचा धूर जीवघेणा असतो. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये एका नाइटक्लबच्या भिंतीवरच्या अशाच फोमने पेट घेतला आणि १०० माणसं गेली. २०१३ मध्ये ब्राझीलमधल्या सांता मारियात छताच्या फोममुळे २४२. मूल झोपतं त्या खोलीची भिंत मी या वस्तूने मढवली होती, हे कळलं त्याच संध्याकाळी सगळे तुकडे उतरवले. सोबत पोपडेही निघाले. अंड्यांचे ट्रे आणि जाड पडदेही आवाज अडवत नाहीत, त्यात वेळ घालवू नका.

मग जरा शांतपणे वाचलं, विचारलं. भिंतीतून आवाज कमी जावा यासाठी तीन गोष्टी लागतात : वजन, दोन थरांमध्ये मोकळी फट आणि कुठेही हवा जाणार नाही असा बंदोबस्त. वजन दुप्पट केलं की पलीकडचा आवाज हिशोबाने सुमारे ६ डेसिबलने (डेसिबल हे आवाजाची पातळी मोजायचं एकक) कमी होतो, प्रत्यक्षात थोडा कमीच फरक पडतो. आणि आवाज कानाला निम्मा वाटायला १० डेसिबल कमी व्हावे लागतात. म्हणजे नुसती भिंत जाड करत गेलं तर खोलीच संपेल. खरा फायदा फटीचा. जुन्या भिंतीला न टेकता पुढे दुसरी, स्वतंत्र भिंत उभी करायची.

आमची मूळ भिंत चार इंची विटेची, दोन्ही बाजूंनी प्लास्टर. तिच्यापुढे १ सेंटीमीटर जागा सोडून ५० मिलिमीटरचे मेटल स्टड, म्हणजे पत्र्याचे उभे खांब, उभे केले. ते फक्त जमिनीला आणि स्लॅबला जोडले, भिंतीला एकही स्क्रू नाही. त्यासाठी मुलाच्या खोलीतलं फॉल्स सीलिंग त्या बाजूने हातभर कापावं लागलं. मिस्त्रींना हे पटवायलाच अर्धा दिवस गेला. "ताई, मधे दोन क्लिपा मारतो, हलणार नाही," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. भिंत हलणार नाही हे खरं, पण प्रत्येक क्लिप म्हणजे आवाजासाठी पूल. हे काम चालू असताना समोर उभं राहा, एवढंच सांगेन. स्टडच्या खाली आणि वर रबराची पट्टी, मधल्या पोकळीत ५० मिलिमीटर रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), आणि वरून १२.५ मिलिमीटरच्या जिप्सम बोर्डाचे दोन थर. पहिल्या थराच्या सांध्यावर दुसऱ्याचा सांधा येऊ दिला नाही. सगळं मिळून साडेआठ सेंटीमीटर जागा गेली. मुलाचं टेबल आता खिडकीखाली आलंय, त्याची त्याला सवय झाली.

रॉकवूल की ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) यावर फार डोकं शिणवू नका, पोकळीत दोन्ही चालतात. मी रॉकवूल घेतलं ते जळत नाही म्हणून, आणि त्याच्या पाट्या उभ्या केल्या की खाली घसरत नाहीत म्हणून. घनता ४८ किलो प्रति घनमीटर. ठासून मात्र भरू नये. दाबून बसवलं तर ते दोन्ही भिंतींना जोडणारी वस्तू होऊन बसतं. कापताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. मी मनगटं उघडी ठेवली होती, दोन दिवस खाज गेली नाही.

'मास लोडेड व्हिनाइल' नावाची जड रबरी चादर घ्या, असा आग्रह एका विक्रेत्याने बराच धरला. ती चौरस मीटरला साधारण ५ किलो भरते. जिप्सम बोर्डाचा एक थर ८-९ किलो भरतो. सपाट भिंतीवर वजनच हवं असेल तर बोर्डाचा आणखी एक थर जास्त कामाचा. ती चादर पाइपांभोवती गुंडाळायला चांगली, तिथे बोर्ड वळत नाही.

आता मोजमाप. मुलाच्या खोलीत फोनवर एकच सळसळता, सगळ्या पट्ट्यांतला आवाज स्पीकरवरून लावायचा, तिथे ८५ डेसिबल येईल एवढा मोठा ठेवायचा आणि आईच्या उशीपाशी मोजायचं, असा नेम ठेवला होता. फोनच्या अ‍ॅपचा आकडा अचूक नसतो, पण तोच फोन आणि तीच जागा असेल तर फरक कळतो. सुरुवातीला उशीपाशी ४६. फोम लावल्यावर ४५. नवी भिंत झाल्यावर ४२.

४२! एवढा खटाटोप करून चारच डेसिबल. त्या रात्री मी खरंच रडकुंडीला आले होते.

कारण सापडलं ते दुसऱ्या रात्री. मुलाला त्याच्या खोलीत, कापलेल्या सीलिंगच्या जागेतून वर टॉर्च मारायला सांगितला. आईच्या खोलीतल्या फॉल्स सीलिंगचा एक दिवा काढून, स्टुलावर चढून मी आत डोकावले. अंधारात समोर एक पिवळी रेघ दिसली. मूळ भिंत वर बीमपर्यंत नीट भिडलेलीच नव्हती. फॉल्स सीलिंगच्या वर प्लास्टर करायचे कष्ट कोणी घेतले नव्हते आणि विटांच्या शेवटच्या थरावर बोटभर फट तशीच होती. तिच्यातूनच वायरिंगचे दोन पाइप या खोलीतून त्या खोलीत गेले होते. ते पाइप आपल्या वाटेत येतात म्हणून नव्या भिंतीच्या बोर्डातही तेवढ्या भागात खाच ठेवून दिली होती. म्हणजे दोन्ही भिंतींना एकाच जागी भोक! भिंतीच्या क्षेत्रफळाचा १ टक्का भाग जरी उघडा राहिला, तरी ती भिंत २० डेसिबलच्या वर आवाज अडवू शकत नाही, मग ती कितीही जाड असो. त्या १ टक्क्याचाही दहावा हिस्सा, म्हणजे ०.१ टक्का, उघडा राहिला तर ३०. हे वाचलं होतं, पण ती पिवळी रेघ बघितल्यावर समजलं.

दुसरं भोक स्विचबोर्डाचं. मुलाचा बोर्ड आणि आईच्या उशाचा बोर्ड जुन्या भिंतीत बरोबर पाठीला पाठ लावून होते, मधे फक्त प्लास्टरची खपली. नव्या भिंतीतही बोर्ड त्याच जागी काढला होता. मेन बंद करून इलेक्ट्रिशियनकडून मुलाचा बोर्ड बाजूच्या भिंतीवर नेला, जुना डबा सिमेंटने भरला, जिप्समचं भोक दोन थरांनी बुजवलं. बीमखालची फट मॉर्टरने भरली, पाइपांभोवती आणि नव्या भिंतीच्या चारही कडांना कायम लवचीक राहणारं सीलंट भरलं. साधी पुट्टी वापरू नका, ती वाळून कडक होते आणि तडकते.

पुन्हा मोजलं : ३६. बोर्ड, स्टड आणि रॉकवूल मिळून जेवढं झालं नव्हतं, त्याहून जास्त काम सीलंटच्या नळ्या आणि घमेलंभर मॉर्टरने केलं. त्या भोकांपुढे नवी भिंत आपली ताकद दाखवूच शकत नव्हती, असंही म्हणता येईल.

नंतर दार. दोन्ही खोल्यांची दारं पॅसेजमध्ये उघडतात, आवाज तिथून वळसा घेऊन यायचा. मुलाचं पोकळ फ्लश डोअर काढून भरीव लावलं, चौकटीला रबर आणि खाली दार मिटलं की आपोआप टेकणारी पट्टी. उशीपाशी ३३. रात्री सगळं शांत असताना त्या खोलीत ३० येतात, म्हणजे आता फार काही उरलं नाही.

निदान आकड्यात. नऊ महिने राहिल्यावर आकड्यापलीकडचं कळतं, ते सांगते. बोलणं, टीव्ही, फोनवरचं हसणं पूर्ण गेलं. आईची दुपारची झोप दीड तासावर आली. पण बेस गिटारचा एक स्वर उरला. आईच तो ओळखते, "तो मधला हुं-हुं" म्हणते. मुलाने एकेक तार वाजवून पाहिली तर ती 'ए'ची मोकळी तार निघाली, ५५ हर्ट्झ. मी हिशोब केला : फटीच्या पुढे उभ्या केलेल्या हलक्या भिंतीला स्वतःची एक कंपनसंख्या असते. ६० ला, दर चौरस मीटरचं वजन किलोत आणि फट मीटरमध्ये यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागायचं. आमचे १८ किलो आणि ०.०६ मीटर टाकले की उत्तर ५८ च्या आसपास येतं. म्हणजे आम्ही भिंत बांधली ती नेमकी त्या तारेच्या सुरात. फट आणखी ५ सेंटीमीटर सोडली असती तर ती संख्या ४३ पर्यंत उतरली असती. ज्यांना तबला, ड्रम, सबवूफर असलं काही अडवायचं आहे त्यांनी हा हिशोब बोर्ड आणण्याआधी करावा. फक्त बोलणं अडवायचं असेल तर आमची भिंत तुम्हाला भरपूर झाली.

त्यावर उपाय म्हणून अ‍ॅम्प्लिफायर जमिनीवरून उचलून जाड रबराच्या ठोकळ्यांवर ठेवला आणि नव्या भिंतीपासून लांब, समोरच्या कोपऱ्यात नेला. बराच फरक पडला. आई झोपलेली असताना मुलगा हेडफोन लावतो, ते त्याने आपणहून ठरवलं.

बाकी तक्रारी किरकोळ. पाचव्या महिन्यात वरच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर आली, तिथे सीलंट कमी पडलं होतं, पुन्हा भरलं. बोर्डाची खालची कड जमिनीपासून १ सेंटीमीटर वर ठेवून फट सीलंटने भरली होती, म्हणून पुसायच्या पाण्याने काही फुगलं नाही. त्या भिंतीवर जड फळी टांगता येत नाही, टांगायची असेल तर आधी आत लाकडी आधार ठेवावा. दार मिटलं की खोली आता खरोखर बंद होते, त्यामुळे खिडकीची वरची झडप उघडी ठेवतो. तुमच्या भिंतीला ओल असेल तर तिचा बंदोबस्त आधी करा, आत झाकलेली ओल दिसत नाही.

दाराखालची पट्टी मात्र आठव्या महिन्यातच एका बाजूने झिजली. कागद सरकवून पाहिला तर बिजागरीच्या बाजूला तो अलगद पार जातो. नवी मागवली आहे.