पायडँटिक घ्यावं की अ‍ॅटर्स?

पायथनमध्ये फील्डपुढे टाइप (त्यात आकडा येणार की मजकूर, ते) लिहिला की तो तपासला जाणार, असं नव्याने येणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं. तसं काही होत नाही. डेटाक्लासमध्ये, म्हणजे माहिती साठवायच्या पायथनच्या साध्या क्लासमध्ये, वयाचा टाइप इंट (पूर्णांक) लिहा आणि खुशाल 'बारा' अशी स्ट्रिंग (मजकूर) पाठवा, ऑब्जेक्ट तयार! म्हणून तपासणीसाठी लायब्ररी लागते, आणि पायडँटिक व अ‍ॅटर्स या तशाच दोन.

पायडँटिक तो टाइप मनावर घेतं. फॉर्ममधून स्ट्रिंग होऊन आलेलं वय इंट करून देतं, चुका असतील तर पहिलीवर न अडता सगळ्यांची यादी हातात ठेवतं. फास्टएपीआय हे वेब फ्रेमवर्क वापरत असाल तर पायडँटिक आधीच घरात आहे. मात्र त्याचा समजूतदारपणा कधीकधी अंगाशी येतो. बूलच्या (खरं-खोटं टाइपच्या) जागी 'येस' किंवा 'ऑन' आलं तरी ते चालवून घेतं. नको असेल तर स्ट्रिक्ट मोड लावावा लागतो. २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीत गाभा रस्ट या भाषेत लिहिला गेला आणि शिस्तही वाढली. पूर्वी इंटच्या जागी ३.७ आला तर गुपचूप ३ व्हायचा, आता एरर येतो.

अ‍ॅटर्स २०१५ पासूनचं, डेटाक्लासच्याही आधीचं. सांगाल तेवढंच करतं: व्हॅलिडेटर (किंमत तपासणारा) तुम्ही लावायचा, कन्व्हर्टरही (ती बदलून देणारा) तुम्हीच. पहिल्या चुकीलाच थांबतं, त्यामुळे दहा रकान्यांच्या फॉर्मला ते त्रासाचं. पण त्याच्याच 'डिफाइन'ने केलेल्या क्लासमध्ये नंतर किंमत बदलली तरी व्हॅलिडेटर पुन्हा चालतो. पायडँटिकमध्ये ही तपासणी मुद्दाम चालू करावी लागते, आणि हे पुष्कळांना बग सापडल्यावर कळतं.

माझा कौल: बाहेरून येणाऱ्या जेसनला (मजकुराच्या रूपातल्या डेटाला) पायडँटिक, आपल्याच कोडमध्ये फिरणाऱ्या ऑब्जेक्टना अ‍ॅटर्स. एकाच प्रोजेक्टमध्ये दोन्ही ठेवायला काही हरकत नाही.

पिनकोडला मात्र दोन्हीकडे जपा. अ‍ॅटर्सच्या रेजेक्स (मजकूर साच्याशी जुळवणाऱ्या) व्हॅलिडेटरला मी 'बॅकस्लॅश डी, सहा वेळा', म्हणजे कोणतेही सहा अंक, असं दिलं होतं. एकाने मराठी कीबोर्डवरून ४११०३० टाकला आणि तो बिनबोभाट पास झाला, कारण पायथनच्या लेखी देवनागरी अंकही अंकच. पुढे कुरिअरच्या सिस्टमने तो परत पाठवला. तेव्हापासून मी चौकोनी कंसात इंग्रजी शून्य ते नऊ असंच लिहितो. पायडँटिकमध्ये शिवाय सुरुवातीची आणि शेवटची खूणही घालावी लागते, कारण त्याचा पॅटर्न स्ट्रिंगमध्ये कुठेही जुळला तरी त्याला पुरतं. आठ आकडी पिनकोडही आत येतो.