पाइप की तात्पुरती फाइल? नोडमधून एफएफएमपेग आणि इमेजमॅजिक चालवताना

अपलोड झालेला फोटो लहान करायचा, व्हिडिओचा थंबनेल काढायचा, वर्ड फाइलची पीडीएफ करायची. नोडच्या (म्हणजे जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड.जेएसच्या) सर्व्हरवर ही कामं बऱ्याचदा इमेजमॅजिक, एफएफएमपेग, लिबरऑफिस असे बाहेरचे प्रोग्रॅम करतात. त्यांना डेटा द्यायचा कसा? स्टँडर्ड इनपुट-आउटपुटच्या पाइपमधून, म्हणजे एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात थेट वाहत, की डिस्कवर तात्पुरती फाइल लिहून? बहुतेक जण वेगाचा विचार करून ठरवतात. मी म्हणेन, आधी फॉरमॅट बघा.

कारण पाइपमध्ये मागे जाता येत नाही. जेपेग किंवा पीएनजी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ वाचता येतात, त्यांचं पाइपमधून छान जमतं. एमपी४ची गोष्ट वेगळी. कोणती फ्रेम कुठे आहे ही माहिती त्यात 'मूव्ह' नावाच्या भागात असते, आणि तो भाग अनेकदा फाइलच्या शेवटी असतो. असा व्हिडिओ पाइपमधून आत ढकलला, तर एफएफएमपेगला शेवटाकडे उडी मारून तो भाग वाचता येत नाही. साधा एमपी४ पाइपमधून बाहेर काढायला गेलात तर एफएफएमपेग थेट नकारच देतं. तुकड्यातुकड्यांचा एमपी४ बनवायचा पर्याय आहे, पण त्यासाठी वेगळे फ्लॅग द्यावे लागतात. झिपचीही सूची शेवटीच असते, आणि डॉकएक्स म्हणजे आतून झिपच. अशा ठिकाणी पाइपचा हट्ट धरू नये.

जिथे पाइप चालतो तिथे मात्र तो मला मनापासून आवडतो. डिस्कवर काही उरत नाही, साफसफाई नाही. कोणाच्या आधार कार्डाचा स्कॅन हाताळत असाल तर ही मोठीच सोय. फक्त दोन जागी जपावं लागतं.

पहिली एन्कोडिंगची. बाहेरचा प्रोग्रॅम चालवणारं नोडचं 'एक्झेक' फंक्शन त्याचं आउटपुट मुळात यूटीएफ-८ मजकूर समजून वाचतं. जेपेगचे पहिले तीन बाइट एफएफ, डी८, एफएफ. यूटीएफ-८मध्ये हा क्रम वैध नाही, म्हणून प्रत्येकाच्या जागी ईएफ, बीएफ, बीडी असे तीन-तीन बाइट येऊन बसतात. एरर येत नाही, फाइल तयार होते, पण उघडत नाही आणि मूळ डेटा परत मिळवता येत नाही. फाइलचे बाइट हेक्समध्ये पाहताना सुरुवातीलाच ईएफ बीएफ बीडी ओळीने दिसले, तर दुखणं हेच. एन्कोडिंग 'बफर' (म्हणजे कच्चे बाइट) द्या, किंवा आउटपुट तुकड्यांनी देणारं 'स्पॉन' वापरून तुकडे बफर म्हणूनच जोडा. 'एक्झेक'ची आउटपुट-मर्यादाही न सांगता १ एमबीच असते, ती ओलांडली की प्रोग्रॅम मारला जातो. पीएचपीत 'एक्झेक' आउटपुटच्या ओळी करून प्रत्येकीच्या शेवटची मोकळी जागा छाटतं, तेव्हा बायनरीसाठी तिथे 'पासथ्रू' घ्या.

दुसरी जागा अडकण्याची. लिनक्सवर पाइपमध्ये साधारणपणे ६४ केबी मावतं. एफएफएमपेग आपली प्रगती स्टँडर्ड एररवर, म्हणजे संदेशांसाठीच्या वेगळ्या पाइपवर, लिहीत राहतं. ती कोणीच वाचत नसेल, तर पाइप भरतो आणि प्रोग्रॅम मुकाट थांबून राहतो. छोट्या क्लिपवर टेस्ट पास होते, तासाभराचा व्हिडिओ आला की लटकतं. स्टँडर्ड एरर वाचा, नाहीतर 'इग्नोर' करा.

तात्पुरत्या फाइलचा मोठा फायदा फारसा कोणी सांगत नाही: एक्झिट कोड (प्रोग्रॅम संपताना देतो तो आकडा, शून्य म्हणजे काम जमलं) बघून मगच उत्तर पाठवता येतं. पाइपचं आउटपुट थेट रिस्पॉन्समध्ये सोडलं आणि प्रोग्रॅम मध्येच कोसळला, तर २०० म्हणजे 'सगळं ठीक' असा स्टेटस आधीच गेलेला असतो आणि समोरच्याच्या हाती अर्धी फाइल पडते. बदल्यात कष्ट आहेत. प्रत्येक रिक्वेस्टला वेगळं फोल्डर बनवा, युजरने दिलेलं नाव कमांडमध्ये कधीही वापरू नका, आणि काम फसलं तरी फोल्डर पुसलं जाईल असं बघा. सर्व्हर अचानक मारला गेला तर तेही होत नाही, म्हणून जुन्या फाइली काढणारा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) हवाच. काही सिस्टिमवर 'टीएमपी' फोल्डर रॅममध्ये असतं, तिथे मोठे व्हिडिओ टाकण्याआधी तपासा.

फक्त फोटोच असतील तर नोडची फोटो हाताळणारी 'शार्प' लायब्ररी बघा. वेगळी प्रोसेस लागत नाही, पण तिच्या आतलं सी कोड कोसळलं तर तुमचा सर्व्हरही कोसळतो.

व्हिडिओच्या थंबनेलला मी दोन्ही मिसळते. व्हिडिओ फाइलमधून देते, म्हणजे एफएफएमपेग हव्या त्या सेकंदावर थेट उडी मारतं. निघणारा जेपेग छोटा असतो, तो पाइपमधून बफरमध्ये घेते आणि एक्झिट कोड शून्य आला तरच पुढे पाठवते.